नळी वेगळी मिळते

मी उंद्रीची अंबूबाई. माह्या तोंडाले कुलूप नाही हे तुम्हाले चिखलीपर्यंत कोणीही सांगीन, म्हणून मीच आधी सांगून टाकते. पण गावात आवाज म्हणून ज्याची ओळख होती ती मी नाही, माहा बुढा.

त्याचं नाव मी घेणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्याच्यानंतर आमचे केस पांढरे झाले, नातवंडं लग्नाची झाली, पण ते नाव काही माह्या तोंडातून निघालं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते, असं माही माय सांगे. माही नात योगिनी म्हणते, आजी, असं काही नसते. नसंन बाप्पा. पण ते तपासून पाहाची मले काय हौस? तुम्हाले समजून घ्याचं असंन तर एवढं समजा, पार्वतीच्या नवऱ्याचं जे नाव, पंगतीत 'हर हर' म्हटल्यावर लोक पुढं जे म्हणतात, तेच आमच्या घरधन्याचं.

आता पंगतीची गोठ निघालीच आहे तर तेही सांगते. आमच्याकडं पत्रावळीवर वरण-भात पडला, वांग्याची भाजी पडली, बुंदी पडली, तरी कोणी घास उचलत नाही. आधी एक जण उभा राहून ललकारी देते, "नमो पार्वतीपतेऽऽ!" मंग सारी पंगत 'हर हर' म्हणून ते नाव घेते, अन् मंगच हात वरणात जातात. उंद्रीत लग्न असो, सप्ताह असो, देवीचा भंडारा असो, ती ललकारी द्याचा मान माह्या बुढ्याचा. तरणा होता तवापासून. काय आवाज होता त्याचा! मारुतीच्या देवळापुढं ललकारी दिली की पल्याडच्या वावरात निंदणाऱ्या बाया खुरपं खाली ठेवून म्हणत, बसली वाटते पंगत.

अन् सारी पंगत नाव घेई तवा मी पदर तोंडाशी नेऊन नुसतं 'हर हर' म्हणे अन् पुढचं गिळून टाके. बाया मले चिडवत. आमची शेजारीण अन्नपूर्णाबाई तर दरवेळी कोपरानं ढोसून म्हणे, "अंबू, सारं गाव तुह्या मालकाले हाका मारते, तूच तेवढी मुकी बसते वं."

मंग मुका तो झाला.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गळ्यात गाठ झाली. अकोल्याले दाखवलं, नागपूरले ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढून टाकली. आता मानेखाली एक भोक आहे, त्याच्यातून तो श्वास घेते, त्याच्यावर मी पातळ कपड्याचा रुमाल बांधून देते. नंतर विजेचे शेक दिले, त्याच्यानं मान वाळल्या वादीसारखी कडक झाली. ओठ हलतात, जीभ हलते, आवाज मात्र नाही. त्याचे ओठ मले वाचता येतात, दुसऱ्याले येत नाहीत. म्हणून एक टिचकी म्हणजे हो, दोन टिचक्या म्हणजे नाही, अन् बाकीचं सारं बोलणं माह्याकडं. त्यानं एक टिचकी वाजवली की मी दहा वाक्यं बोलते, असं घरचे म्हणतात. म्हणू द्या. कोणी तरी बोलाच लागते ना?

तवापासून तो एकाही पंगतीले गेला नाही. देवीच्या भंडाऱ्याले पोरांनी ललकारी मोबाइलवर लावली, कोण्या शहरातल्या माणसाची. बुढा घरी ओट्यावर बसून ऐकत होता. त्या दिवशी तो जेवला नाही, अन् मीही त्याले जेवा म्हणलं नाही. माह्याच्यानं म्हणवलं नाही.

अशात योगिनीचं लग्न जमलं. पोरगा पिंपळगाव राजा गावचा, लग्न आमच्या दारात. साऱ्यात आधी बुढ्यानं हातानं दाखवलं, की लग्नाच्या दिवशी मी वावरात जाऊन बसीन, तुम्ही उरकून घ्या. योगिनी त्याच्या लाडाची. ते पोट्टी उठली, त्याच्यापुढं येऊन बसली अन् म्हणाली, "आबा, तुम्ही ललकारी द्याल तवाच माह्या लग्नाची पंगत जेवीन. नाही तर पत्रावळी तशाच राहू द्या. पाहुणे उपाशी गेले तरी चालतीन." आजासारखीच हट्टी. अन् मले माहीत आहे, ते पोरगी बोलते तसं करते. म्हणजे इकडं बुढा वावरात जाऊन बसणार, तिकडं पोरगी पंगत जेवू देणार नाही, अन् मधात मी.

नागपूरच्या डॉक्टरनं एका यंत्राची गोठ सांगतली होती. योगिनीचा मोठा भाऊ प्रज्वल चिखलीत पतसंस्थेत नोकरीले आहे, त्यानं शोध लावला. चिखलीत सईदभाईचं दवाखान्याच्या सामानाचं दुकान आहे. कमरेचे पट्टे, काठ्या, चाकाच्या खुर्च्या, वाफेची यंत्रं. तथी ते मिळालं. टॉर्चएवढं यंत्र. बटण दाबलं की त्याचं तोंड गुणगुणते. ते गळ्याले लावाचं अन् ओठ हलवाचे, की त्या गुणगुणीचे शब्द होतात. ज्याची मान कडक आहे त्याच्यासाठी यंत्राच्या तोंडावर एक टोपी बसते, टोपीले बारीक नळी असते, अन् नळीचं टोक तोंडात धराचं. सईदभाईनं दुकानातल्या यंत्रावर नळी लावून प्रज्वलले बोलून दाखवलं. पोरगं घरी आलं ते नाचतच.

"आजी, सईदभाईनं आपला गळा जराही हलू दिला नाही. नुसत्या नळीतून बोलला. आबा बोलतीन!"

दुसऱ्या दिवशी डब्बा घरी आला. सीलबंद. "दुकानातलं हाताळलेलं नाही आणलं आजी, नवं कोरं आणलं," असं तो छाती फुगवून सांगे.

आता नवं यंत्र घरात आलं अन् मी तसंच वापरू देईन का? आमच्याकडं विहिरीची मोटर आली, फवारणीचा पंप आला, योगिनीची शिलाई मशीन आली, साऱ्याइची आधी पूजा झाली, बटण मंग. डब्बा पाटावर ठेवला. वरून कुंकवाचं स्वस्तिक काढलं. डब्बा खोलून यंत्राले हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली, अक्षता वाहिल्या, नारळ फोडलं, त्याचं पाणी चहूकडं शिंपडलं. बुढ्याच्या कपाळाले टिळा लावला. मंग प्रज्वलले म्हणलं, "लाव आता नळी."

प्रज्वलनं थर्माकोल काढला. चार्जर निघाला. गळ्यात अडकवाची दोरी निघाली. यंत्र पुसाचं फडकं निघालं. चार भाषेतलं पुस्तक निघालं. नळी नाही. त्यानं डब्बा उलटा करून झटकला, तर माह्याच अक्षता खाली पडल्या.

पुस्तक वाचून तो खाल मानेनं म्हणाला, "आजी, टोपी अन् नळी वेगळी मिळते म्हणे."

वेगळी मिळते! माही तर तळपायाची आग मस्तकात गेली. दोरी दिली, फडकं दिलं, पुस्तक दिलं, अन् ज्याच्यातून बोलाचं तेच वेगळं! प्रज्वलनं नवा फोन घेतला तवाही हेच. भल्ला चकचकीत डब्बा, अन् आत चार्जर नाही. माह्या पोरानं, अर्जुननं, भितीवरचा टीव्ही आणला, तर तो भितीवर टांगाची पट्टी वेगळी. कित्येक दिवस टीव्ही पलंगावर निजून होता अन् आम्ही खाली. ह्या कंपनीवाल्याइले कोणी सांगा, आमचा कुंभार माठ विकते तवा बूड वेगळं विकत नाही. चपलेचा अंगठा वेगळा मिळते असं आमच्या बाजारात कोणी म्हणून तर पाहो, त्याच चपलेनं हाणतीन बाया त्याले.

बिननळीचं यंत्र बुढ्यानं गळ्याले लावून पाह्यलं. कडक मानेतून आवाज आत जाईच ना. डब्ब्यात भुंगा कोंडल्यावाणी नुसती गुणगुण, शब्द एक नाही. प्रज्वलनं सलाईनची नळी आणून चिकटपट्टीनं बांधून पाह्यली, तर आवाज सारा बाहेरच सांडला. सईदभाईले फोन केला. तो म्हणे, मागवून देतो, पण वीस-पंचवीस दिवस लागतीन. अन् लग्न पुढच्या रविवारी! बुढ्यानं यंत्र डब्ब्यात ठेवलं, झाकण लावलं अन् वावराकडं बोट दाखवलं.

"वावर कुठी पळून नाही जाऊन राह्यलं," मी म्हणलं. "उद्या माह्यासंगं चिखलीले चला."

त्यानं दोन टिचक्या वाजवल्या. मी ऐकल्याच नाहीत.

सकाळच्या येष्टीनं निघालो. डब्बा माह्या मांडीवर, बुढा खिडकीशी. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, काय आणलं वं डब्ब्यात? मी तिले चिखली येईपर्यंत सारी कहाणी सांगतली. उतरताना ते म्हणे, "मंग आता दुकानवाला कसा काय मानीन?" मी म्हणलं, मानीन. कसा ते मले तरी कुठी माहीत होतं! पण रिकाम्या हातानं वापस येणार नाही एवढं पक्कं होतं. बाकीचं तथी गेल्यावर सुचते.

सईदभाई माणूस वाईट नाही. आम्हाले पाहून खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडं वळवला, पाणी आणलं. "अम्मा, कोणाच्या नावानं बिल आहे? बघून घेतो."

आता आली पंचाईत. "ह्याइच्या," मी बुढ्याकडं बोट केलं.

"हो, पण नाव?"

"शंकराचं नाव."

"शंकर?"

"शंकर नाही. त्याचंच, पण दुसरं."

"भोलानाथ?" सईदभाई बिलं चाळत म्हणाला. "इथं भोलानाथ कोणी नाही अम्मा."

बुढ्याले हसू आलं. आवाज नाही, नुसते खांदे हलले. शेवटी त्यानंच खिशातून आधार कार्ड काढून काचेवर ठेवलं. सईदभाईनं ते वाचलं, माह्याकडं पाह्यलं, "अच्छा, हे होय," म्हणाला अन् कार्ड दोन्ही हातानं वापस दिलं.

मी डब्बा त्याच्यापुढं सरकवला. "हे ठेवून घ्या अन् नळीवालं द्या."

त्यानं झाकण उघडलं अन् हात तथीच थांबला. यंत्रावर पाच बोटं कुंकू, बटणाच्या फटीत हळद, पुस्तकावर नारळाच्या पाण्याचे डाग. "अम्मा, हे तर वापरलेलं आहे. वापरलेला माल वापस होत नाही. कंपनीचा रूल आहे."

"वापरलं कोणी? पूजा केली."

"पण हे लाल डाग..."

"डाग नका म्हणू, कुंकू आहे ते. तुम्ही गाडी घेतली तवा तिले हार घातला होता का नाही?"

"घातला होता," सईदभाई म्हणाला. "पण मी ते गाडी वापस कुठी केली?"

बराबर बोलला लेकाचा. पण मी काय तेवढ्यानं थांबणारी? "मंग मले एक सांगा. मान त्याइची कडक. नळीशिवाय ह्या यंत्रातून शब्द निघत नाही, हे तुम्हीच प्रज्वलले सांगतलं. अन् नळी तर तुम्ही दिलीच नाही. ज्याच्यातून बोलताच येत नाही ते आम्ही वापरलं कसं? बिनचाकाची सायकल कोणी फिरवून आणली, असं म्हणता का तुम्ही?"

कमरेचा पट्टा घ्याले आलेला एक माणूस बाकावर बसून होता. तो म्हणाला, "बाईचं बराबर आहे."

"बराबर आहे," सईदभाईही म्हणाला. "मी कुठी नाही म्हणतो? पण माह्या हातात काय आहे? डब्बा जसा येते तसा मी देतो. नळी मागवून देतो म्हणलं ना."

"लग्न झाल्यावर? तवा काय तिचं तोरण बांधू?" माही नजर त्याच्या मागच्या काचेच्या कपाटात गेली. तथी ते दाखवाचं यंत्र उभं होतं. टोपीसकट, नळीसकट. "ते काय आहे मंग? ते द्या."

"ते गिऱ्हाईकाले दाखवाचं आहे अम्मा. ते तुम्हाले दिलं तर मी बाकीच्याइले काय दाखवू?"

"म्हणजे दाखवाले नळी आहे, द्याले नाही! पोरगी दाखवाची एक अन् मांडवात उभी कराची दुसरी, असा धंदा झाला हा."

पट्टावाला माणूस पुन्हा "बराबर आहे" म्हणाला. मी मंग सईदभाईले सारंच सांगाले बसली. योगिनीचा हट्ट सांगतला, पंगतीची रीत सांगतली, भंडाऱ्याच्या दिवशी बुढा उपाशी राह्यला तेही सांगतलं. बुढा काचेवर टिचक्या वाजवून राह्यला. दोन, मंग दोन, मंग नुसतीच टकटक. "पाहा," मी म्हणलं, "ते पण हेच म्हणून राह्यले की असा माल विकणाऱ्या कंपनीले..."

"अम्मा, एक मिनिट!" सईदभाईनं हातच जोडले. "चाचाले नळीनं बोलता येते का ते तर आधी पाहू. नाही जमलं तर आपलं हे भांडण फुकट."

त्यानं कपाटातलं यंत्र काढलं, नळी धुतली, स्पिरिटनं पुसली, कोरडी केली. यंत्र बुढ्याच्या हातात दिलं अन् नळीचं टोक त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात ठेवलं. "जीभ नळीवर येऊ देऊ नका चाचा. बटण दाबा अन् आरामात बोला."

बुढ्यानं बटण दाबलं. नुसतंच गुणगुणलं. त्यानं नळी जरा आत सरकवली अन् पुन्हा दाबलं. ओठ हलले. ते ओठ मी डोळ्यानं वाचले अन् त्याच घडीले कानानं ऐकले.

"अंबे," बुढा म्हणाला, "चूप."

ऑपरेशन झाल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द, अन् तो हा! आवाज त्याचा नव्हता. सपाट होता, ना चढ ना उतार. पण 'अंबे' म्हणाची ढब त्याचीच, शेवटी जरा ओढून. लग्न होऊन आली तवापासून तो मले तशीच हाक मारे. ते हाक आता ह्या जन्मात ऐकाले मिळणार नाही, असं मी मनाशी धरून बसली होती अन् कोणाजवळ बोलली नव्हती. माह्या डोळ्याले धारा लागल्या अन् मी चूप झाली. हो, झाली. उंद्रीनं कधी पाह्यलं नाही ते त्या दुकानानं पाह्यलं.

मंग बुढ्यानं सईदभाईकडं पाह्यलं. एकेक शब्द तोडून, मधात थांबून बोलला, "वापरलेला माल... दुकान... वापस घेते का?"

"नाही चाचा. रूल आहे."

बुढ्यानं नळी तोंडातून काढली अन् तिचं ओलं टोक सईदभाईच्या नाकापुढं धरलं. मंग पुन्हा तोंडात ठेवून बटण दाबलं. "नळी... मी वापरली."

पट्टावाला माणूस असा हसला की त्याच्या कमरेत कळ आली.  सईदभाईनं कपाळावर हात मारून घेतला अन् तोही हसाले लागला. "मी अम्माले भीत होतो," तो म्हणाला, "खरा माणूस तर हा बाजूले बसला होता." त्यानं दाखवाच्या यंत्रावरची टोपी अन् नळी काढली, आमच्या कुंकवाच्या यंत्रावर चढवली अन् फिरवून घट्ट केली. माह्यासाठी मी दुसरी मागवून घेतो म्हणाला. "पण कंपनीवाले नखरे कराले लागले तर फोन तुमच्या हातात देईन अम्मा."

"लावा," मी डोळे पुसून म्हणलं. "कधीही लावा."

घरी आल्यावर बुढा वावरात गेलाच. पण लपाले नाही. रोज सकाळी यंत्र गळ्यात अडकवून जाई अन् विहिरीजवळ उभा राहून ललकारी घोटे. आमचे बैल आधी दोन दिवस कान टवकारून पाहत, मंग त्याइले सवय झाली. 'ह' काही त्याच्या तोंडून निघे ना. 'हात' म्हणाले जाई तर 'आत' होई. त्याच्यावरून तो जरा हिरमुसला. मी म्हणलं, "तुमच्या ललकारीत 'ह' आहेच कुठी? 'हर हर' ते पंगतीनं म्हणाचं, तुम्ही तुमचं म्हणा." त्यानं एक टिचकी वाजवली. यंत्र हातात असून टिचकी वाजवली, सवय.

रविवारी लग्न लागलं. पहिली पंगत बसली. पिंपळगाव राजाचे पाहुणे अन् आमच्या उंद्रीचे, सारे मांडीले मांडी लावून. वाढून झालं. योगिनी नवरदेवाच्या बाजूले, पत्रावळीले बोट न लावता आजाकडं पाहून राह्यली. मी आचाऱ्याच्या चुलीजवळ बायांसंगं, हातात वरणाची बादली.

बुढा उठला. डोक्याले नवा फेटा, गळ्याले मी धुऊन दिलेला रुमाल. प्रज्वलनं मांडवाचा माईक आणून त्याच्या तोंडापुढं धरला. बुढ्यानं नळी तोंडात ठेवली अन् अंगठा बटणावर दाबला.

"नमो... पार्वतीपते!"

कर्ण्यातून तो आवाज निघाला अन् साऱ्या मांडवावरून गेला. अन् कोणीच काही म्हणलं नाही.

कसं म्हणतीन? गावाले त्याचा जुना आवाज माहीत, अन् पाहुण्याइले तर तोही माहीत नाही. हे काय वाजलं ते कोणाले समजलंच नाही. पाहुण्यातला एक जण म्हणाला, "माईक खराब झाला वाटते बे." मागं एक लेकरू हसलं. मांडववाला तारा पाहाले धावला. प्रज्वल तर घाबरून यंत्राकडंच पाहे, नळी निसटली का म्हणून. बुढा उभाच होता. त्याचा अंगठा बटणावरून सुटला. त्यानं मान वळवली अन् वावराच्या वाटेकडं पाह्यलं. योगिनीनं समोरची पत्रावळ हळूच पुढं सरकवली.

कोणी तरी जवाब द्याले पाह्यजे होता. पहिला जवाब आला की पंगत आपोआप म्हणते, मी आयुष्यभर पाह्यलं ते. मी अन्नपूर्णाबाईकडं पाह्यलं, तर ते पळी धरून नुसती उभी. मंग मी बादली खाली ठेवली. पदर तोंडापासून दूर केला. नाव घेतलं की आयुष्य कमी होते म्हणे. अन् हा माणूस भर मांडवात उभ्या उभ्या संपून राह्यला होता, त्याचं काय?

"हर हर महादेव!"

घशाच्या देठापासून ओरडली मी. अन्नपूर्णाबाईच्या हातातली पळी पडली. उंद्रीच्या साऱ्या माना गर्रकन माह्याकडं वळल्या. अंबूबाईनं नाव घेतलं हे लोकाइले आधी समजलं, अन् कशाचा जवाब दिला ते त्याच्या मागून. मंग साऱ्या पंगतीनं ते नाव घेतलं. उंद्रीनं घेतलं, पिंपळगावनं घेतलं, मघा हसलेल्या लेकरानंही घेतलं. योगिनी रडत रडत वरण-भात कालवाले लागली अन् पहिला घास तिनंच घेतला.

पण बुढा काही खाली बसला नाही. माईक अजून त्याच्या तोंडापुढंच होता. तो माह्याकडं पाहून राह्यला, पाहूनच राह्यला, अन् मंग त्यानं अंगठा दाबला. साऱ्या गावाले ऐकू गेलं.

"अंबे... अजून एकदा."

"लाज नाही बुढ्याले," मी म्हणलं. अन् पुन्हा घेतलं.